एस. पी. आणि चमचाभर दूध

चि. मृणाल हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, ‘बाबा, तुमच्या वेळी टीव्हीवर बातम्या सांगणारं कोण आवडायचं?’ मी सुरेंद्र प्रताप सिंह म्हणालो, म्हणजेच एस. पी. तुझ्या कानावर ते नाव कधी आलंच नव्हतं. सोमवारी तू बातमीदार म्हणून रुजू होणार, त्याआधी एवढं सांगावंसं वाटलं.

‘आज तक’ तेव्हा चॅनेल नव्हतं. १९९५पासून दूरदर्शनच्या डीडी मेट्रो वाहिनीवर रात्री लागणारा वीस मिनिटांचा कार्यक्रम होता तो. दाढीवाले एस. पी. घरातल्या मोठ्या माणसानं समोर बसून सांगावं तशा बातम्या सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, ‘ये थीं ख़बरें आज तक, इंतज़ार कीजिए कल तक.’ मुळात ते छापील पत्रकारितेतले, ‘रविवार’ या हिंदी साप्ताहिकाचे संपादक. साधं, बोलीतलं हिंदी ही त्यांची कमाई. आमच्या चाळीत ज्यांना हिंदी धड येत नसे तेही ऐकत बसायचे.

२१ सप्टेंबर १९९५. पितृपक्ष चालू होता. सकाळीच गलका झाला, गणपती दूध पितोय! आजी वाटी घेऊन निघाली, तिच्यामागे मीही. दोन तास रांगेत उभा राहिलो. चमचा सोंडेला लावला आणि दूध खरंच कमी झालं. माझ्या अंगावर काटा आला होता, ते मी नाकारणार नाही.

मग ‘आज तक’वर पाहिलं. ज्या लोखंडावर चांभार चप्पल उलटी घालून खिळे ठोकतो, त्याला दुधाचा चमचा लावला होता. तेही दूध पीत होतं! दुधाच्या पृष्ठताणामुळे, म्हणजे पृष्ठभागावरच्या ओढीमुळे, त्याची पातळ धार मूर्तीवरून खाली ओघळते, हे शास्त्रज्ञांनी रंगीत दूध वापरून दाखवलंच. पण मला पटलं ते त्या लोखंडामुळे. कुणाच्या श्रद्धेला एक वाकडा शब्द नाही. आजी बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, ‘बरं झालं दाखवलं.’ रागावली नाही. मृणाल, हे फार कठीण काम आहे गं.

१३ जून १९९७ला दिल्लीच्या उपहार सिनेमागृहात आग लागली. बाल्कनीतून बाहेर पडायची वाट अडलेली, धुरानं गुदमरून आणि चेंगराचेंगरीत ५९ माणसं गेली. एस. पीं.नी ती बातमी दिली आणि काही दिवसांतच मेंदूत रक्तस्राव होऊन कोसळले. २७ जूनला गेले. वय अवघं ४८. त्या रात्री मी टीव्ही लावून बसलो होतो, जेवण गेलं नाही.

तू बाहेर वार्तांकनाला जाशील तेव्हा डबा आणि पाण्याची बाटली विसरू नकोस. तुझी पहिली बातमी कधी दाखवणार ते आदल्या दिवशी कळव. आजीला आता नीट दिसत नाही, तिची खुर्ची टीव्हीजवळ सरकवून ठेवतो.

तुझा,
बाबा