निरोप विजेचा की रसायनाचा? मुक्ताला पत्र

चि. मुक्ता,

अनेक आशीर्वाद.

चेतापेशींमधला निरोप विजेचा की रसायनाचा, असं तू विचारलंस आणि सरांनी 'दोन्ही' म्हणून विषय मिटवला यावर वैतागलीस. सरांचं चुकलेलं नाही. पेशीच्या अंगभर निरोप विजेने धावतो, आणि एका पेशीतून दुसरीत बहुतेक वेळा रसायनाने उडी घेतो. पण एवढं कळून भागत नाही. पुढच्या वर्षी फिजिओथेरपीला जे आजार, जी औषधं आणि जी विषं येतील, त्यांतली कितीतरी या वाटेवरच्या एखाद्या ठरावीक प्रथिनावर जाऊन बसतात. म्हणून वाट नीट लिहून पाठवते. फोनवर हे जमलं नसतं. शेजारी कोरा कागद ठेव आणि आकडे स्वतः मांडत वाच.

पहिलं म्हणजे तारेची कल्पना डोक्यातून काढ. तारेत इलेक्ट्रॉन लांबीच्या दिशेने वाहतात. अ‍ॅक्सॉनमध्ये (चेतापेशीच्या लांब तंतूत) मुख्य काम पटलातून (पेशीच्या पातळ आवरणातून) आडव्या आत-बाहेर जाणाऱ्या आयनांचं (भारित अणूंचं) असतं, आणि हा प्रकार पुढच्या प्रत्येक टप्प्यावर नव्याने घडावा लागतो. म्हणून तो तारेच्या मानाने फारच मंद. हेल्महोल्ट्झने १८५० मध्ये बेडकाच्या नसेत हा वेग मोजला तेव्हा तो सेकंदाला सुमारे २७ मीटर निघाला. त्याचे गुरू म्युलर यांना तर हा वेग कधी मोजताच येणार नाही असं वाटत होतं.

आता आकडे. सस्तन प्राण्याच्या पेशीत पोटॅशियम आत साधारण १४० मिलिमोल प्रतिलिटर, बाहेर ४ ते ५. सोडियमचं उलटं, आत १२ च्या आसपास, बाहेर १४५. ही तफावत सोडियम-पोटॅशियम पंप राखतो. एक एटीपी (पेशीला ऊर्जा देणारा रेणू) खर्चून तो ३ सोडियम बाहेर टाकतो आणि २ पोटॅशियम आत घेतो. स्वस्थ पेशीत पोटॅशियमचे काही चॅनल (पटलातल्या प्रथिनांच्या वाटा) कायम उघडे असतात, त्यामुळे पोटॅशियम बाहेर झिरपतं. आतली बाजू ऋण होत जाते आणि हीच ऋण बाजू त्याला मागे खेचू लागते. दोन्ही ओढी जिथे सारख्या होतात तो व्होल्टेज नर्न्स्टच्या सूत्राने काढता येतो. ३७ अंशांना ६१.५ गुणिले बाहेर भागिले आत यांचा लॉग. बाहेर ५ धर, पोटॅशियमसाठी उत्तर उणे ८९ मिलिव्होल्ट येईल. सोडियमसाठी अधिक ६७. स्वस्थ पेशी उणे ७० च्या आसपास राहते, म्हणजे पोटॅशियमच्या जवळ, पण थोडं सोडियमही आत गळत असल्यामुळे अगदी तिथे नाही.

इथे परीक्षेत हमखास घसरायला होतं. '३ बाहेर, २ आत, म्हणून आत ऋण' असं बरेच जण लिहितात. पंपाचा थेट वाटा जेमतेम काही मिलिव्होल्टचा. त्याचं खरं काम साठा भरून ठेवण्याचं.

आणि ७० मिलिव्होल्ट म्हणजे क्षुल्लक, असं समजू नकोस. पटलाची जाडी सुमारे ५ नॅनोमीटर. भागाकार केलास तर मीटरला १ कोटी ४० लाख व्होल्ट येतात. चॅनलच्या प्रथिनातले भारित तुकडे एवढ्या ताणाखाली बसलेले असतात, म्हणून पंधरावीस मिलिव्होल्टच्या फरकानेही ते जागचे हलतात.

आता मुख्य प्रसंग. व्होल्टेज उणे ५५ च्या आसपास, म्हणजे उंबरठ्याला, आला की सोडियमचे चॅनल उघडू लागतात. सोडियम आत आला की व्होल्टेज आणखी चढतो, त्याने आणखी चॅनल उघडतात. मिलिसेकंदाच्या अंशात पटल अधिक ३० ते ४० पर्यंत जातं. मग दोन गोष्टी घडतात: सोडियमचे चॅनल आपोआप अडकून बसतात, आणि सावकाश उघडणारे पोटॅशियमचे चॅनल उघडून व्होल्टेज खाली आणतात. सगळा खेळ एक ते दोन मिलिसेकंदांचा, यालाच मी पुढे स्पंद म्हणते. याचंच नाव अ‍ॅक्शन पोटेन्शियल.

'अडकून बसतात' हे मी मुद्दाम लिहिलं. सोडियम चॅनलच्या दोन नाही, तीन अवस्था असतात: मिटलेला, उघडा आणि अडकलेला. मिटलेला चॅनल पुन्हा उघडू शकतो. अडकलेला उघडू शकत नाही. पटल पुन्हा पुरेसं ऋण होईपर्यंत तो तसाच राहतो. ही एक गोष्ट पक्की झाली तर निम्मा धडा सुटतो. निरोप मागे का फिरत नाही? मागच्या टप्प्यावरचे चॅनल अडकलेले आहेत. पेशी सेकंदाला हवे तेवढे स्पंद का देऊ शकत नाही? तेच कारण. रक्तातलं पोटॅशियम वाढलं की स्नायू लुळे का पडतात? ४ च्या जागी ८ घालून बघ. पोटॅशियमचा समतोल उणे ९५ वरून उणे ७६ वर येतो. पेशी उंबरठ्याच्या जवळ सरकली, म्हणजे जास्त उत्तेजित व्हायला हवी. थोडा वेळ होतेही. पण असंच अर्धवट चढून राहिल्यामुळे सोडियमचे चॅनल हळूहळू अडकतात आणि पेशी गप्प होते. हृदयाचे ठोके बिघडतात त्यामागेही मोठा हात याचाच.

आणखी एक हिशेब कर, मला तो फार आवडतो. २० मायक्रॉन व्यासाची गोल पेशी घे. पटलाची धारिता (भार साठवण्याची क्षमता) चौरस सेंटिमीटरला १ मायक्रोफॅरड. व्होल्टेज १०० मिलिव्होल्टने चढवायला किती सोडियम आयन आत यावे लागतात? सुमारे ७८ लाख. आणि त्या पेशीत पोटॅशियमचे आयन किती? जवळपास ३५,००० कोटी. तेवढेच पोटॅशियम आयन बाहेर गेले तरी एका स्पंदाने साठ्याचा साधारण पंचेचाळीस हजारावा भाग हलतो. प्रत्यक्षात थोडे जास्त आयन जातात, कारण आत येणं आणि बाहेर जाणं काही क्षण एकाच वेळी चालू असतं. म्हणून 'प्रत्येक स्पंदानंतर पंप सगळं पूर्ववत करतो आणि मगच पुढचा स्पंद येतो' हे वाक्य खोडून टाक. पंप बंद पाडला तरी जाड अ‍ॅक्सॉन पुष्कळ वेळ स्पंद देत राहतो. बारीक तंतूंचा साठा मात्र लवकर आटतो.

हे सगळं हॉजकिन आणि हक्सली यांनी स्क्विडच्या अ‍ॅक्सॉनवर मांडलं. तो अर्धा-एक मिलिमीटर जाड, त्यामुळे आत इलेक्ट्रोड सरकवता येतो. १९५२ च्या त्यांच्या लेखातली समीकरणं हक्सलीने हाताने फिरवायच्या यंत्रावर सोडवली, कारण केंब्रिजचा संगणक तेव्हा बंद होता.

स्पंदाची उंची ठरलेली असते. जोराचा स्पर्श आणि हळू स्पर्श यांतला फरक एका तंतूत स्पंदांच्या वारंवारतेने कळतो. शिवाय जोर वाढला की जास्त तंतू कामाला लागतात.

वेगाचं गणित मायलिनवर, म्हणजे तंतूभोवतीच्या चरबीयुक्त वेष्टणावर, आहे. मायलिनच्या वेटोळ्यांमुळे पटलाची गळती आणि धारिता दोन्ही कमी होतात, आणि स्पंद फक्त मधल्या उघड्या गाठींवर, सुमारे एक मायक्रॉनच्या पट्टीत, नव्याने तयार होतो. जाड मायलिनयुक्त तंतूत वेग सेकंदाला १०० मीटरच्या पुढे जातो. मायलिन नसलेल्या बारीक तंतूत अर्धा ते दोन मीटर. पायाचा अंगठा उंबऱ्यावर आपटला की काय होतं ते आठव. अंतर मणक्यापर्यंत धर एक मीटर. स्पर्श २० मिलिसेकंदांत पोचतो, तीक्ष्ण कळ त्याच्या मागोमाग सेकंदाच्या दहाव्या भागात, आणि ती खोल ठणक मात्र सेकंदभराने येते. 'आता दुखणार' हे आधी कळतं ते याच मधल्या वेळात.

मायलिन झडलं की गाठीवर तयार झालेला प्रवाह वाटेतच गळतो आणि पुढची गाठ उंबरठ्याला पोचत नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस या मायलिन झडण्याच्या आजारात रुग्णाला ताप आला किंवा गरम पाण्याने आंघोळ केली की लक्षणं तात्पुरती वाढतात. उष्णतेने सोडियमचे चॅनल लवकर अडकतात, स्पंद आखूड होतो, आणि जेमतेम पुरणारा प्रवाह आता पुरत नाही. या रुग्णांचा व्यायाम थंड खोलीत का घ्यायचा, त्याचं हे कारण.

दातांच्या डॉक्टरांचं इंजेक्शनही इथेच काम करतं. लिडोकेन सोडियम चॅनलला आतल्या बाजूने बुजवतं, पण पटलातून आत शिरायला त्याला भाररहित रूप लागतं. ७.४ पीएचला सुमारे चौथा हिस्सा तशा रूपात असतो. पू झालेल्या जागी पीएच ६.५ पर्यंत उतरला तर शंभरात चारच. सुजलेल्या हिरडीत भूल नीट लागत नाही, त्यात डॉक्टरांचा हात वाईट असतो असं नाही.

आता फट. सिनॅप्सपाशी (पेशींच्या जोडापाशी) दोन पेशींमध्ये २० ते ४० नॅनोमीटर अंतर असतं. ही फट विजेने ओलांडली जाते की रसायनाने, यावर पुष्कळ वर्षं भांडणं झाली. ओटो लोवीने १९२१ मध्ये बेडकाच्या एका हृदयाची व्हेगस नस उत्तेजित केली, त्याचं द्रव दुसऱ्या हृदयावर सोडलं, आणि दुसऱ्याचे ठोकेही मंदावले. तरी मज्जारज्जूत वीजच, असं जॉन एक्लस हा शास्त्रज्ञ म्हणत राहिला. १९५१ मध्ये त्याच्याच इलेक्ट्रोडने निकाल त्याच्याविरुद्ध दिला आणि त्याने तो तिथल्या तिथे मानला. मला एक्लस आवडतो तो यासाठी.

स्पंद अ‍ॅक्सॉनच्या टोकाला आला की कॅल्शियमचे चॅनल उघडतात. कॅल्शियम बाहेर आतल्यापेक्षा दहा हजार पटींहून जास्त, त्यामुळे ते आत घुसतं. सिनॅप्टोटॅग्मिन हे प्रथिन त्याला धरतं, आणि स्नेअर प्रथिनांच्या पिळाने पटलाला आधीच चिकटलेल्या, रसायनाने भरलेल्या पिशव्या फुटतात. एक पिशवी ४० ते ५० नॅनोमीटरची, अ‍ॅसिटिलकोलिनचे काही हजार रेणू मावणारी. सगळा उशीर अर्ध्या मिलिसेकंदाचा, आणि त्यातला बराचसा कॅल्शियमचे चॅनल उघडण्यात जातो.

स्नायूच्या जोडावर एका स्पंदाला अशा डझनावारी पिशव्या रिकाम्या होतात, म्हणजे गरजेपेक्षा कितीतरी जास्त. मेंदूतल्या बऱ्याच सिनॅप्सवर एखादीच, आणि कित्येकदा तीही नाही. तिथे एका सिनॅप्सने व्होल्टेज मिलिव्होल्टभरही चढत नाही. ग्लुटामेट हे रसायन व्होल्टेज चढवतं, गाबा हे अडवतं, आणि शेकडो अशा ओढाताणींची बेरीज अ‍ॅक्सॉनच्या मुळाशी उंबरठा ओलांडते की नाही यावर पुढचं ठरतं. तारेला हे जमलं नसतं. काही जागी पेशी थेट वाहिन्यांनी जोडलेल्या असतात आणि आयन सरळ पलीकडे जातात. तिथे वेळ जवळजवळ लागतच नाही, पण एवढी तोलामोलाची बेरीज-वजाबाकीही होत नाही.

विषं बघ. धनुर्वाताचं विष आणि बोट्युलिनमचा बी प्रकार एकच स्नेअर प्रथिन, तेही एकाच जागी कापतात. बोट्युलिनम स्नायूच्या जोडावर कापतं, म्हणून स्नायू लुळा. धनुर्वाताचं विष अ‍ॅक्सॉनमधून उलटं वर चढून मज्जारज्जूतल्या अडवणाऱ्या पेशींत कापतं, म्हणून स्नायू ताठ.

फवारणीच्या ऑर्गॅनोफॉस्फेटने अ‍ॅसिटिलकोलिन तोडणारं एन्झाइम बंद पडतं. स्नायू आधी फडफडतात, मग लुळे पडतात: रसायन हटत नाही, पटल चढलेलंच राहतं आणि सोडियमचे चॅनल अडकतात. पोटॅशियमचीच गोष्ट पुन्हा. अ‍ॅट्रोपिन लाळ, छातीतले स्राव आणि मंद नाडी सावरतं. स्नायूंच्या लुळेपणावर त्याचा उपयोग नाही, कारण तिथले रिसेप्टर (रसायन धरणारी प्रथिनं) वेगळे. म्हणून श्वासावर लक्ष ठेवावंच लागतं.

स्नायूच्या जोडाचे दोन आजार तुझ्या हाताखाली येतील. मायस्थेनियात पलीकडचे रिसेप्टर कमी झालेले असतात. सेकंदाला तीन वेळा नस उत्तेजित केली तर पिशव्या कमी कमी सुटत जातात, निरोगी माणसात ते खपून जातं, इथे प्रतिसाद दहा टक्क्यांहून जास्त घसरतो. लॅम्बर्ट-ईटनमध्ये अलीकडचे कॅल्शियम चॅनल कमी असतात. दहा सेकंद पूर्ण जोर लावायला सांगितलं की टोकात कॅल्शियम साचतं आणि प्रतिसाद उलट वाढतो. म्हणून ताकद तपासताना एकदाच बघून आकडा लिहू नकोस. पुन्हा पुन्हा करायला लाव, आणि ताकद कोणत्या दिशेला जाते ते लिही.

नसेचा वेग मोजायच्या तपासणीला बसशील तेव्हा आधी त्वचेचं तापमान घे. हात थंड असला तर अंशाला सुमारे २ मीटर प्रतिसेकंद वेग कमी दिसतो. इथे हिवाळ्यात बाहेरून आलेल्या रुग्णाचे हात ३२ अंशांपर्यंत गरम करूनच इलेक्ट्रोड लावतात. नाहीतर धडधाकट नसेला आजारी ठरवलं जातं.

नर्न्स्टचं गणित क्लोराइडसाठी करून पाठव, आत १० आणि बाहेर ११० धरून. क्लोराइडचा भार ऋण आहे, तेव्हा चिन्ह बघून. उत्तर आलं की गाबा कसं अडवतं ते वेगळं सांगावं लागणार नाही.

दादा-वहिनींना नमस्कार.

तुझी,
आत्या