लेकीस पत्र: भीती आणि विश्वास

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद व सलाम.

तुझे पत्र पोचले. हॉस्टेलच्या मेसमध्ये सगळ्यांच्या देखत जेवणाआधी प्रार्थनेसाठी ताटावर डोळे मिटायला धीर होत नाही, आणि देवाने आपल्याला भित्रेपणाचा आत्मा दिलेला नाही हे वचन आठवले की आपणही शिष्य पेत्रासारखे प्रभू येशूला नाकारतो आहोत असे वाटते, असे तू लिहिले आहेस. भीती म्हणजेच अविश्वास, असे सांगणारे उपदेश मीही पुष्कळ ऐकले आहेत. मला ते कधी पटले नाहीत. अटकेआधी गेथशेमाने बागेत खुद्द प्रभू व्याकूळ झाला आणि हा दुःखाचा प्याला टळावा अशी त्याने विनवणी केली, हे शुभवर्तमान लिहिणाऱ्या मार्काने लपवलेले नाही. प्रेषित पौलही करिंथ शहरातल्या मंडळीला सरळ लिहितो की, मी तुमच्याकडे आलो तेव्हा भीतीने थरथरत होतो. पेत्राचेही नीट वाच. येशूला पकडल्यावर इतर बहुतेक शिष्य पळाले असता तो भीत भीत का होईना, महायाजकाच्या वाड्यापर्यंत गेला होता. तो घसरला तो भ्याला म्हणून नव्हे, तर एका दासीने विचारल्यावर येशूला ओळखत नाही असे खोटे बोलला म्हणून. तुला अजून कोणी विचारलेलेच नाही. विचारले तर खरे सांग; तोवर मनातल्या मनात केलेली प्रार्थनाही देवाला ऐकू येते.

मला पेत्रापेक्षा दिमिष्क (दमास्कस) शहरातला येशूचा शिष्य हनन्या जवळचा वाटतो. येशूच्या अनुयायांना बांधून नेण्याचा अधिकार घेऊन निघालेल्या शौलाच्या (म्हणजे पुढच्या पौलाच्या) मस्तकावर हात ठेवायला प्रभू त्याला धाडतो, तेव्हा तो आधी हुज्जत घालतो, त्या माणसाची सगळी कीर्ती प्रभूलाच ऐकवतो (जणू प्रभूला ती ठाऊक नव्हती!), आणि मग नीट नावाच्या रस्त्यावरच्या त्या घरात जाऊन त्याला 'शौल भाऊ' अशी हाक मारतो. त्याची भीती गेली होती, असे ही हकिकत लिहिणाऱ्या लूकने कुठेही म्हटलेले नाही. आपल्याकडे मराठी ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजींनी 1854 मध्ये बेळगावात बाप्तिस्मा घेतला, पण मन वळल्यावरही ते बराच काळ घुटमळले होते. त्यासाठी त्यांना कोणी भित्रे म्हणत नाही.

आता तू शेवटी जाता जाता लिहिलेल्या दोन ओळींकडे येतो, कारण खरी काळजी मला त्यांची आहे. भांडी घासणाऱ्या मावशींवर पैसे चोरल्याचा आळ आला; चोरी झाली त्या वेळी त्या तुझ्यासमोर मोरीवर बसलेल्या होत्या, आणि तरी सीनिअर मुलींच्या धाकाने तू गप्प राहिलीस. ताटावरच्या प्रार्थनेचा प्रश्न तुझा आणि देवाचा आहे, त्याला वेळ आहे; मावशींची मात्र नोकरी जाईल. निकदेम हा यहूदी अधिकारीही येशूकडे रात्री आला होता, पण पुढे परूशी (नियमशास्त्र काटेकोर पाळणारे यहूदी) येशूला परस्पर दोषी ठरवू लागले तेव्हा, माणसाचे ऐकून घेतल्याशिवाय आपले नियमशास्त्र त्याचा न्याय करते काय, एवढे त्याने विचारलेच, आणि तूही गालीलातला काय, असा येशूच्या प्रांतावरून टोमणाही खाल्ला.

तेव्हा वॉर्डनबाईंना भेट आणि डोळ्यांनी पाहिले तेवढेच सांग. चोरी कोणी केली असेल याचे तर्क लढवू नकोस. आवाज कापरा झाला तर होऊ दे. एकटीने जाववत नसेल तर खोलीतल्या मैत्रिणीला बरोबर ने. बाईंनी ऐकून घेतले नाही तर मला लगेच फोन कर, म्हणजे मी स्वतः येऊन त्यांना भेटेन.

तुझे,
पप्पा