खटला उभा राहतो तो तालुक्याच्या कोर्टात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बारावीचे निकाल लागले की वर्तमानपत्रांत करिअरच्या पुरवण्या निघतात. वकिलीच्या रकान्यात कॉर्पोरेट, सायबर, बौद्धिक संपदा अशी नावे असतात. दिवाणी दावे चालवणारा वकील मात्र कुठेच नसतो. खेड, चिपळूण, कणकवली किंवा सावंतवाडीच्या कोर्टाचा रोजचा बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, पाहिला तर वाटप, हद्द, वहिवाट आणि रस्ता हेच विषय पुन्हा पुन्हा दिसतील. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) सुरू झाले आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग त्याच्या कक्षेत आले. त्याचे स्वागतच आहे. पण दुसऱ्या अपिलात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० खाली केवळ कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न ऐकला जातो. खालच्या कोर्टात ज्या कागदाला पुराव्यात आल्याचा निशाणी क्रमांक पडला नाही, तो वर दाखल करण्याची वाट फार अरुंद आहे. तालुक्यात बिघडलेला दावा कोल्हापुरात सहसा दुरुस्त होत नाही.

सनदेपर्यंतचा, म्हणजे वकिलीच्या परवान्यापर्यंतचा, रस्ता थोडक्यात असा. बारावीनंतर पाच वर्षे किंवा पदवीनंतर तीन वर्षे शिक्षण, मग बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे नोंदणी आणि अखिल भारतीय बार परीक्षा. नोंदणी शुल्क ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये, याहून जास्त घेता येणार नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा जुलै २०२४ चा निकाल आहे. पहिली वर्षे पैशाच्या दृष्टीने ओढाताणीचीच. ग्रामीण भागातल्या ज्युनिअरला महिना किमान १५,००० रुपये द्यावेत, अशी शिफारस बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ मध्ये केली. पण ती शिफारसच आहे.

खरे शिक्षण सातबाऱ्यापासून सुरू होते, आणि सातबाऱ्यावर थांबले तर वाया जाते. महसुली नोंद खरी असल्याचे गृहीत धरले जाते, पण ती मालकीचा दस्त नव्हे. म्हणून आठ अ (खातेदाराच्या सगळ्या जमिनींचा उतारा), त्या जमिनीचे सगळे फेरफार (हक्कबदलाच्या नोंदी), कमी-जास्त पत्रक (क्षेत्रातल्या बदलाची नोंद), फाळणीचा म्हणजे पोटहिश्श्यांचा नकाशा आणि इतर हक्कांतला प्रत्येक शेरा उलटा मागे वाचत जावे लागते. डॉ. आंबेडकरांनी खोती (खोतांची वंशपरंपरागत सारावसुलीची पद्धत) नष्ट करण्याचे विधेयक १९३७ साली मांडले आणि कायदा झाला १९४९ साली. पण खोतीच्या काळातल्या नोंदींचे धागे आजच्या दाव्यांतही सापडतात. कुळाचा मुद्दा निघाला तर दिवाणी कोर्टाला तो स्वतः ठरवता येत नाही, कूळ कायद्याच्या कलम ८५-अ खाली तहसीलदारांकडे पाठवावा लागतो आणि दावा तिथेच अडकून बसतो. फेरफारात ‘कूळ’ लिहिलेले आधी पाहिले असते, तर पक्षकाराला हे पहिल्या दिवशीच सांगता आले असते. रस्ता अडवल्याच्या तक्रारीतही तसेच. मामलेदार न्यायालय कायदा, १९०६ खाली तहसीलदारांकडे जायला सहा महिन्यांची मुदत असते. ती हातची घालवून लोक दिवाणी दावा लावतात.

वाटपाच्या दाव्यात निम्मी मेहनत वंशावळीची. तीस-चाळीस नावांचा सातबारा कोकणात नवलाचा नाही. बहिणी, त्यांची मुले, मुंबईत वारलेला आणि गावच्या कागदावर नाव कधी न लागलेला भाऊ, सगळे शोधावे लागतात. सप्टेंबर २००५ पासून मुलगी सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने हक्कदार, आहे आणि त्यासाठी वडील त्या दिवशी हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. तरी बहिणींना वगळून दावे लागतातच. एक हिस्सेदार सुटला की ‘आवश्यक पक्षकार नाही’ आणि एक मिळकत सुटली की ‘अंशतः वाटप’, ही हरकत कैफियतीत (प्रतिवादीच्या लेखी उत्तरात) येणारच.

दावा चालू असताना कोणी वारले तर नव्वद दिवसांत वारस रेकॉर्डवर घ्यावे लागतात. ते झाले नाही तर दावा त्या पक्षकारापुरता उपशमित होतो, म्हणजे संपतो. मग ते रद्द करून घ्यायला आणखी साठ दिवस, आणि त्यानंतर विलंबमाफीचा अर्ज. विरारला वारलेल्या प्रतिवादीची बातमी गावात गणपतीला पोहोचते, तेव्हा नव्वद दिवस कधीच उलटलेले असतात. मृत पक्षकाराच्या वकिलाने कोर्टाला कळवावे असा नियम आहे, तो पाळणारे थोडे. शहाणा वकील म्हणूनच प्रत्येक पक्षकाराच्या घरातला एक फोन नंबर फायलीवर लिहून ठेवतो.

मनाईच्या अर्जाला आमच्याकडे ‘निशाणी ५’ म्हणतात आणि अर्धे दावे त्यावरच लढले जातात. एकतर्फी तूर्तातूर्त मनाई मिळाली की पक्षकार पेढे वाटतो. पण दावा व अर्जाच्या प्रती समोरच्याला रवाना करून तसे प्रतिज्ञापत्र त्याच किंवा दुसऱ्या दिवशी दाखल केले नाही, तर तेवढ्यावरूनही आदेश उठू शकतो. हद्दीच्या दाव्यात खासगी सर्वेअरचा नकाशा सहसा टिकत नाही. भूमी अभिलेखची मोजणी लागते, आणि तीही लगतच्या कब्जेदारांना नोटिसा जाऊन झालेली. अतिक्रमण किती फूट, कोणत्या दिशेला, हे दाव्यात आणि हुकूमनाम्यात नसेल तर दरखास्तीत (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीत) बेलीफ जागेवर जाऊन गडग्याकडे (दगडी कुंपणाकडे) पाहतो आणि परत येतो.

पुराव्याचा टप्पा हाच या धंद्याचा कस. सरतपासणी (आपल्याच साक्षीदाराची साक्ष) प्रतिज्ञापत्रावर होते आणि ते वकिलाच्या ऑफिसात टाइप होते. तिथेच घोटाळा असतो. ‘मी दररोज कलमबागेची देखभाल करतो’ असे लिहिलेला साक्षीदार तीस वर्षे गिरणीत किंवा बेस्टमध्ये नोकरीला होता, हे उलटतपासणीच्या पहिल्या दोन प्रश्नांत बाहेर येते. बागेची राखण गावातला गडी करत होता, हेच खरे, आणि तेच लिहून त्या गड्याला साक्षीला आणले असते तर वहिवाट सिद्धही झाली असती. उलटतपासणी म्हणजे आवाज चढवणे नव्हे. समोरच्याच्या फेरफाराची तारीख, मृत्यूच्या दाखल्याची तारीख आणि कैफियतीतले विधान एकमेकांशेजारी ठेवून विचारलेला साधा प्रश्न जास्त काम करतो.

नोंदणी न केलेले वाटणीपत्र हा दुसरा नेहमीचा सापळा. घरात बसून स्टॅम्पपेपरवर केलेल्या आणि हिस्सा देणाऱ्या कागदाने वाटप शाबीत करता येत नाही. मुद्रांक अपुरा असेल तर कागद जप्त होऊन दंडासह भरणा करावा लागतो. आधी झालेल्या वाटपाची नुसती याद (टिपण) असेल तर गोष्ट वेगळी. हा फरक मजकुराच्या शब्दरचनेवर ठरतो, म्हणून मूळ कागद दावा लिहिण्याआधी पाहावा, झेरॉक्सवर विसंबू नये.

आणि वाटपाचा हुकूमनामा मिळाला म्हणजे संपले नाही. शेतसारा असलेल्या जमिनीचे प्रत्यक्ष सरसनिरस (जमिनीचा कस पाहून केलेले) वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ खाली जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते. कोर्टातली फाइल बंद करून हे काम पक्षकाराच्या गळ्यात टाकणाऱ्या वकिलाने अर्धेच काम केले, असे आमचे मत आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या २० मे २०२५ च्या निकालाने कनिष्ठ स्तर न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची झाली. निर्णय योग्य आहे, पण ती वर्षे क्लासमध्ये काढून दाखला तेवढा मिळवण्याची वाट काढली जाईल, ही भीती आहे. विधी महाविद्यालयांत तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला १२ आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला २० आठवड्यांची इंटर्नशिप असते. कोकणातल्या महाविद्यालयांनी तिचे काही आठवडे तहसीलच्या अभिलेख कक्षात आणि उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात घालवायला लावावेत. सोबत जुन्या कागदांची मोडी लिपी शिकवावी. तीस वर्षांहून जुना कागद योग्य ताब्यातून आला तर सही-अक्षराबाबत कोर्ट गृहीत धरू शकते, पण मजकुरासाठी लिप्यंतर लागते आणि ते करणाऱ्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागते. असे लोक आज जिल्ह्यात शोधावे लागतात.

आपल्या पुढच्या करिअर पुरवणीत तालुका कोर्टातल्या दिवाणी वकिलीला अर्धे पान द्यावे, ही विनंती.

आपले,
रत्नागिरी जिल्ह्यातील काही दिवाणी वकील