मामा चालणार नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिवाळी अंकांसाठी कथा पाठवण्याचे दिवस आहेत. नवलेखकांच्या कथा परत येतात तेव्हा शेरा बहुधा एकच असतो, 'व्यक्तिरेखा ठसत नाहीत.' नेमके काय चुकले, हे त्यातून कळत नाही. म्हणून हे पत्र.

चूक बऱ्याचदा पहिल्याच परिच्छेदात असते. 'पतसंस्थेचा पिग्मी एजंट दिगंबर प्रामाणिक, कष्टाळू आणि स्वाभिमानी होता.' हा चारित्र्याचा दाखला झाला, यात माणूस दिसत नाही. त्यापेक्षा दुकानदारांकडून रोजची बचत गोळा करणाऱ्या दिगंबरला बाजारपेठेत उभा करा. चहावाल्याकडे आज भरायला ५० रुपये नाहीत. मुलीच्या फीसाठीची त्याची बचत खंडू नये म्हणून दिगंबर स्वतःच्या खिशातले ५० भरतो, पावती हातात देतो आणि 'उद्या द्या' म्हणतो. चौथ्या दिवशी खिसा रिकामा असतो, तेव्हा तो शेजारच्या शिंप्याचे पैसे चहावाल्याच्या नावावर चढवतो. वाचक इथे त्याच्यासाठी घाबरतो, कारण दिगंबरचा चांगुलपणाच त्याला गोत्यात आणतो आहे.

पुष्कळ लेखक नेमके इथेच कच खातात. पात्रावर जीव जडलेला असतो, मग पाचव्या दिवशी मुंबईचा मामा पैसे घेऊन हजर होतो. संकट दिगंबरच्या स्वभावातून आले, तर पुढचे पाऊलही त्यानेच उचलायला हवे. त्याने शिंप्यापुढे कबुली द्यावी किंवा आणखी एक खोटी नोंद करावी, दोन्ही चालेल. मामा चालणार नाही.

पात्राचे जन्मसालही आधी ठरवून टाकावे. २०२५ मध्ये साठीला आलेला माणूस १९६५चा. १९७२च्या दुष्काळात तो सात वर्षांचा होता, १९८२च्या गिरणी संपाच्या वेळी सतराचा. दुष्काळी गावातला असेल तर मदत म्हणून वाटलेले कोरडे पीठ, म्हणजे सुकडी, खाऊन वाढलेला. नातवाने ताटात टाकलेल्या भाताकडे तो कसा पाहतो, ते तिथून ठरते. हे सगळे कथेत यायला नको. वहीत अर्धे पान पुरते: जन्मसाल, महिन्याची मिळकत, कोणाचे किती देणे आणि घरच्यांपासून लपवलेली एक गोष्ट.

संवाद लिहून झाले की नावे झाकून वाचावेत. कोण बोलते आहे ते ओळखू आले नाही, तर सगळ्यांच्या तोंडून लेखकच बोलतो आहे. कोल्हापूरकडची बाई 'मी आलो' म्हणते, नागपूरकडे 'तो करून राहिला' ऐकू येते. पण प्रत्येक वाक्यात बोली कोंबली की पात्राची नक्कल होते. दहा वाक्यांत दोन-तीन खुणा पुरेत. संबोधनाचे मोल त्याहून मोठे. वर्षानुवर्षे 'या दिगंबरभाऊ' म्हणणारा शिंपी एका संध्याकाळी 'काय रे दिगंबर' म्हणाला, की विश्वास उडाल्याचे वेगळे सांगावे लागत नाही.

अंकांच्या संपादकांना एवढीच विनंती, की कथा परत करताना पात्र कोणत्या प्रसंगात पटले नाही, ते एका ओळीत कळवावे. 'मामा आल्यावर दिगंबर हरवला' एवढे लिहिले तरी दुरुस्ती कुठे करायची, ते लेखकाला समजेल.

आपली विश्वासू,
कथालेखनाची एक मार्गदर्शक, सातारा