स्ताशू

प्रिय मनू,

मंगळवारी फोनवर मी बोललो ते बोलायला नको होतं. आठवा महिना सरत आलेल्या लेकीला ‘हे कसलं नाव, आपल्यात कुणाच्या तोंडात तरी बसेल का’ असं विचारतं का कुणी? तू गप्प झालीस. मग मारेकनं फोन घेऊन ‘बाबा, नमस्कार’ म्हटलं, तेव्हा मला जास्तच लाज वाटली.

तेव्हापासून त्या नावापाशीच बसून आहे. स्तानिस्वाफ. जुन्या सवयीनं फोड करून बघितली. पहिल्या अर्ध्यात उभं राहणं, दुसऱ्यात कीर्ती. अगं, हा तर आपला ‘स्था’ धातू आणि आपलंच ‘श्रवस्’! चौतीस वर्षं पोरांकडून घोकून घेतलं तेच, फक्त फार लांबून फिरून आलेलं. त्यांची ‘स्वावा’ आणि आपल्या महाभारतातल्या भूरिश्रव्यातला ‘श्रवा’ सख्खे भाऊबंद. तिकडची जुनी नावं अशीच दोन शब्द सांधून केलेली, आपल्या देवदत्तासारखी.

इथवर मला आनंदच झाला. पण ज्याच्यामुळं हे नाव घरोघर गेलं, तो तुमच्याच क्राकूफचा बिशप. राजा बोलेस्वाफशी त्याचं वैर झालं आणि १०७९ मध्ये राजानं त्याचा जीव घेतला. १२५३ मध्ये संत ठरवला, तिथल्याच वावेलच्या टेकडीवर त्याची समाधी आहे, हे सगळं वाचलं. देहाचे तुकडे पुन्हा जुळून आले अशी कथा सांगतात. तीन सत्तांनी पोलंड वाटून घेतला तेव्हा लोकांनी हीच कथा उराशी धरली. १७९५ मध्ये राज्य गेलं, तो शेवटचा राजाही याच नावाचा. एवढं सगळं एका तान्ह्या जिवावर घालायचं? मन चिंती ते वैरी न चिंती, दुसरं काय.

मारेकच्या पणजोबांचं नाव आहे म्हणालीस. मग मी काय बोलणार? मी स्वतः आजोबांचं नाव घेऊन हिंडतोय.

नाव राहू दे. पण त्याच्याशी मराठी बोलत जा. न्हाऊ घालताना, झोपवताना, रागावतानासुद्धा. कामावरून दमून आलीस तरी. मारेकची भाषा त्याला रस्त्यावर, शाळेत आपोआप मिळेल. आपली फक्त तुझ्या तोंडून मिळणार. ती नाही मिळाली तर आम्ही त्याला काचेतली दोन म्हातारी माणसं होऊ. बघ, पुन्हा सुरू झालो. माफ कर. ज्या पोरीनं एकटीनं सात विभक्त्यांसकट परकी भाषा शिकली, तिला मी काय शिकवू?

त्या विभक्त्यांवरूनच सांगायचं होतं. आबा दहा-अकरा वर्षांचे असताना कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या निर्वासित छावणीत दूध घालायला जायचे. १९४३ ते ४८, पाचेक हजार पोलिश माणसं होती तिथं, बहुतेक बायका-पोरंच. चरवीच्या तोंडाला फडकं बांधून आबा पलीकडच्या रांगेत पोचायचे तेव्हा दिवेलागण झालेली असायची, आणि एक बाई उंबऱ्यात उभी राहून हाक मारायची. तिची नक्कल ते मला झोपवताना करून दाखवायचे. ‘स्ता-शूऽऽ’. शेवटचा सूर वर. मला ती अंगाईच वाटायची. अर्थ त्यांनाही ठाऊक नव्हता.

काल मारेकनं लिहून पाठवलं की लाडानं ‘स्ताश’ म्हणतात, आणि हाक मारायची असली की त्यांच्या संबोधनात त्याचं ‘स्ताशू’ होतं. मी फोन हातात धरून कितीतरी वेळ पडवीतच बसलो. आई विचारत होती काय झालं, मला सांगता येईना.

डिंकाचे लाडू परवा कुरिअरनं निघतील. गोळ्या वेळेवर घे. बाराव्या दिवशी कानात कुर्र करायचं मारेकच्या बहिणीला शिकव, आत्याचा मान तिचाच. तिचं झालं की फोन त्याच्या कानाशी धर. मी आबांसारखा सूर वर न्यायचा सराव करतोय.

तुझा,
बाबा