मराठीच्या वाटेने पुन्हा स्पॅनिशकडे

पुणे

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. निवृत्ती जवळ आली असताना मी पुन्हा स्पॅनिश का काढून बसलो आणि त्यात मला एवढे काय गवसले, असे तू विचारले आहेस. प्रश्नातली थट्टा माझ्या लक्षात आली, तरीही सविस्तर उत्तर देतो, कारण त्या संध्याकाळच्या वर्गात आपण एकाच बाकावर बसत होतो.

एकेकाळी शिकलेली भाषा आपण धरून चालतो तितकी पुसली जात नाही. हॅरी बाहरिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1984 मध्ये नेमका आपल्यासारख्यांचाच अभ्यास प्रसिद्ध केला होता. शिक्षण चालू असताना स्पॅनिश शिकलेल्या माणसांना नंतर तिच्यातले किती आठवते, हे त्यांनी पन्नास वर्षांपर्यंतच्या अंतराने तपासले. पहिल्या तीन ते सहा वर्षांत बरेच निसटते, पण त्यानंतर जे शिल्लक राहते ते पुढची पंचवीस-तीस वर्षे जवळपास तसेच टिकते, असे त्यांना आढळले. त्याच्या कितीतरी आधी, 1885 मध्ये, हेर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून दाखवले होते की विसरलेले पुन्हा शिकायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. मला हे सारे नंतर वाचायला मिळाले. अनुभव आधी आला. भाज्यांची आणि कपड्यांची नावे पार गेली होती, पण ‘तेनेर’ या क्रियापदाची भूतकाळातील वाकडी रूपे, ‘तुबे, तुबिस्ते, तुबो’, बोलावल्यासारखी ओळीने हजर झाली.

परंतु माझा खरा आनंद आठवण्यात नाही, तो वाट बदलण्यात आहे. तेव्हा आपण स्पॅनिश शिकत होतो ती इंग्रजीतून. पुस्तक इंग्रजी, व्याकरणाचे स्पष्टीकरण इंग्रजी, आणि अडचणीही इंग्रज विद्यार्थ्याच्या, ज्या आपण इमानेइतबारे आपल्या म्हणून स्वीकारल्या. ‘मे गुस्ता’ हा धडा तुला आठवत असेल. येथे वाक्य उलटे होते, आवडणारी वस्तू कर्ता बनते आणि ज्याला आवडते तो बाजूला राहतो, असे बजावून ते पुस्तक दोन पाने धीर देत होते. आता पाहिले तर त्यात उलटे काहीच नाही. ‘मे गुस्ता एल मांगो’ म्हणजे मला आंबा आवडतो. ‘मे गुस्तान लोस मांगोस’ म्हणजे मला आंबे आवडतात. क्रियापद दोन्ही भाषांत आंब्याच्या मागे जाते, माझ्या मागे जात नाही. मराठी मुलाला हे समजावून सांगावे लागत नाही. आपल्याला मात्र ते इंग्रजीत उलटे करून मग सुलटे करायला शिकवले गेले.

विध्यर्थाचे तसेच आहे, आणि त्यावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण त्याच्या ‘सुबखुंतिवो’ या स्पॅनिश नावानेच आपल्या वर्गातले अर्धे विद्यार्थी गळाले होते. कोणत्या शब्दांनंतर ते रूप येते याची यादी आपण पाठ केली होती. आता यादी बाजूला ठेवून मी वाक्ये मराठीत म्हणून पाहतो. ‘किएरो के बेंगास’: तू यावेस अशी माझी इच्छा आहे. ‘तू येतोस’ हे विधान आहे, ‘तू यावेस’ हे विधान नाही. बोलणारा ते घडले असे सांगत नाही, ते घडावे असे म्हणतो. ‘यावेस’, ‘करावे’, ‘असावे’ ही रूपे आपल्या तोंडी लहानपणापासून आहेत आणि स्पॅनिशमधल्या इच्छेच्या, विनंतीच्या, सल्ल्याच्या वाक्यांत ती बहुतेक ठिकाणी चपखल बसतात. सगळीकडे नाही. ‘क्वान्दो बेंगास’, म्हणजे ‘तू येशील तेव्हा’, येथे आपण साधा भविष्यकाळ वापरतो आणि स्पॅनिश बोलणारे मात्र विध्यर्थाकडे वळतात; पण असे अपवाद आता त्रास देत नाहीत, उलट अजून घडायच्या गोष्टीला ते विधानाचा मान देत नाहीत, हे पाहून मजा वाटते.

उच्चारांबद्दल थोडक्यात सांगतो. त्यांचा ‘त’ दंत्य आहे, प-त-क यांत श्वासाचा झोत नाही, आणि यासाठी इंग्रज विद्यार्थी ज्या कसरती करतो त्यांची आपल्याला गरजच नव्हती. ‘असणे’ या अर्थाच्या ‘सेर’ आणि ‘एस्तार’ या दोन क्रियापदांच्या बाबतीत मात्र मराठीचा काही उपयोग होत नाही, कारण आपले ‘आहे’ दोघांचेही काम करते. कायमचे असेल तर सेर, तात्पुरते असेल तर एस्तार, हा तेव्हाचा नियमही तकलादू निघाला: मेलेल्या माणसाला ते एस्तार लावतात, आणि त्याहून कायमचे काय असणार?

मी दूर होतो तेवढ्यात भाषाही बदलली. माझ्या जुन्या शब्दकोशात ‘च’ या ध्वनीच्या जोडाक्षराचा स्वतंत्र विभाग आहे. 1994 मध्ये शब्दकोशांतला तो वेगळा क्रम रद्द झाला आणि 2010 च्या लेखननियमांनी वर्णमालेत सत्तावीसच अक्षरे ठेवली. त्याच नियमांनी ‘फक्त’ या अर्थाच्या ‘सोलो’ वरचे स्वरचिन्ह काढावे असे सुचवले, आणि त्यावर लेखक मंडळी इतकी चिडली की 2023 मध्ये स्पॅनिश भाषेचे नियम ठरवणाऱ्या माद्रिदच्या अकादमीला सांगावे लागले, अर्थाचा घोटाळा होईल असे लिहिणाऱ्याला वाटत असेल तर त्याने चिन्ह द्यावे. आपल्याकडे 1962 च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले तेव्हा तुझ्या वडिलांनी ते अखेरपर्यंत सोडले नाहीत. माद्रिदमध्ये त्यांना बरीच सोबत मिळाली असती.

ऐकण्याची सोय ही आजची चैन. आपल्या वेळी एकच घासलेली कॅसेट होती. आता सकाळी सहाला मी फिरायला निघतो तेव्हा बोगोतामध्ये आदल्या दिवसाचे संध्याकाळचे साडेसात आणि ब्वेनोस आयरेसमध्ये रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात, आणि कानात तिथला रेडिओ चालू असतो. कोलंबियाचे निवेदक मला बऱ्यापैकी कळतात. आर्जेंटिनात ‘तू’ ऐवजी ‘वोस’ चालते आणि त्याची क्रियापदे वेगळी होतात, हे आपल्याला कोणी सांगितलेच नव्हते. चिलीच्या माणसांनी शब्दांच्या शेवटचे ‘स’ गिळले की मी अजूनही हरतो.

परीक्षा देणार का, असेही तू विचारले आहेस. स्पेनच्या डेले या भाषापरीक्षेच्या सहा पातळ्या आहेत आणि तिच्या प्रमाणपत्राला मुदत नसते, पण ते दाखवायचे कोणाला? मला लिहायला कोणीतरी हवे आहे. पुढच्या पत्रात निदान एक परिच्छेद स्पॅनिशमध्ये लिही. तुझ्या चुका लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवीन, आणि माझ्या तू काढ.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीकांत