जुहूला उतरलेल्या विमानाचे पंख सरळ होते : एका काकांना जाहीर आभारपत्र

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

तुमचं नाव कुठेही यायला नको, असं तुम्ही बजावलं होतं. ते पाळते आहे. पण आभार चारचौघांत मानणार, ते मात्र ऐकणार नाही.

आमच्या पार्ल्याच्या शाळेत आठवीची मुलं पुठ्ठा आणि बाल्सा लाकूड घेऊन बसली होती. 15 ऑक्टोबर 1932 ला जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले, त्या विमानाचं मॉडेल करायचं होतं. जुहूची हेलिकॉप्टरं रोज डोक्यावरून जातात, तेव्हा हा विषय मुलांच्या घरचाच. आम्ही इंटरनेटवरचा एक सुंदर फोटो छापून घेतला, मापं काढली, पंख तयार केले. तुम्ही शेजारच्या इमारतीतून सहज डोकावलात, पंख हातात घेतलात आणि म्हणालात, "बाई, हे लेपर्ड मॉथ आहे. तुम्हाला पुस मॉथ हवंय."

फोटो 1982 चा होता. पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षं झाली म्हणून जेआरडींनी वयाच्या 78 व्या वर्षी तोच प्रवास पुन्हा केला, तो लेपर्ड मॉथमधून. त्याचे पंख टोकाकडे निमुळते होत जातात. पुस मॉथचे मुळापासून जवळजवळ टोकापर्यंत एकाच रुंदीचे. तीन आठवड्यांची मेहनत वाया गेली म्हणून मुलं हिरमुसली. तुम्ही त्यांना रागावला नाहीत की नुसतं समजावत बसला नाहीत. पुढच्या शनिवारी पट्टी, कटर आणि डोपची, म्हणजे कागद ताणून घट्ट करणाऱ्या द्रावणाची, बाटली घेऊन हजर झालात आणि नंतरचे सात शनिवार एकदाही चुकवले नाहीत.

काका, आयुष्यभर विमानांची देखभाल केलेला माणूस एखादी गोष्ट कशी सांगतो, ते मी या शनिवारांत पाहिलं. डी हॅविलंड या ब्रिटिश कंपनीचं हे पुस मॉथ पहिल्यांदा सप्टेंबर 1929 मध्ये उडालं. नमुना लाकडी होता, पण विक्रीची विमानं बनवताना धडाला पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि वर कापड घेतलं. हे मी पुस्तकातून वाचून दाखवलं असतं तर मुलांनी जांभया दिल्या असत्या. तुम्ही त्यांना इंजिन उलटं का बसवलं, तेच विचारलंत. 120 अश्वशक्तीचं जिप्सी थ्री, चारही सिलिंडर खाली तोंड करून. एका मुलीने डोळ्यांसमोर पालथी मूठ धरली, मग ती खाली सरकवली आणि ओरडली, "समोरचं दिसतं!" तेच उत्तर होतं.

बंद केबिनचं मोलही तुमच्यामुळे कळलं. याच कंपनीच्या आधीच्या मॉथ विमानांत उघड्यावर बसायचं, टोपी-गॉगल घालून वारा खात. इथे दार लावलं की साध्या कपड्यांत बसा, मागच्या माणसाशी बोला. पंख मागे दुमडून छोट्या शेडमध्ये ठेवता येत. चाकांच्या पायांवरची आवरणं नव्वद अंशांत फिरवली की वाऱ्याला आडवी येऊन ब्रेकचं काम करीत. म्हणून हौशी लोकांनी ते फिरायला घेतलं, टाटांनी टपालाला घेतलं. ब्रिटिश वैमानिक जिम मॉलिसनने तर ऑगस्ट 1932 मध्ये पुस मॉथमधूनच आयर्लंडहून एकट्याने अटलांटिक ओलांडून कॅनडा गाठलं. त्यानंतर दोनच महिन्यांनी जुहूच्या चिखलपट्टीवर आपलं टपाल उतरलं आणि टाटांचे सहकारी वैमानिक नेव्हिल व्हिन्सेंट ते पुढे बेल्लारीमार्गे मद्रासला घेऊन गेले. पावसाळ्यात जुहू पाण्याखाली जायचं, तेव्हा हे काम पुण्याला हलवत, हे ऐकून मुलं खूश झाली. दर जुलैत तिथलं पाणी ती स्वतः पाहतात.

पण मला सगळ्यात लक्षात राहिला तो पाचवा शनिवार. आम्ही पंखाच्या एकाच बाजूला डोप लावला आणि सुकताना कागद ओढला जाऊन पंख पापडासारखा वळला. तुम्ही तो मुलांच्या हातात दिलात आणि म्हणालात, पिळून बघा. मग शांतपणे सांगितलंत की ही विमानं हवेतच मोडत होती. 1930 पासून तीन वर्षांत अशा अनेक अपघातांत माणसं गेली. इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी कारण शोधलं, तेव्हा खवळलेल्या हवेत पंख टिकत नसल्याचं दिसलं. त्यावर मजबुतीकरण केलं आणि पंखाला पेलणाऱ्या पुढच्या तिरक्या दांड्यापासून मागे पंखाकडे एक छोटी काडी जोडली. तुम्ही बांबूची तशीच काडी आमच्या पंखाला लावलीत. पुन्हा पिळायला सांगितलंत. पंख जागचा हलेना. वर्गात आवाज नव्हता. ज्यांना आपण फक्त कौतुकाने बघत होतो, त्या यंत्राची चूक आणि दुरुस्ती त्या मुलांच्या बोटांना कळली.

ती काडी आम्ही मुद्दाम चिकटवलेली नाही. वाचनालयात मॉडेल ठेवलंय, 112 सेंटिमीटरचे पंख पसरून. बघायला येणाऱ्याने काडी काढून, लावून स्वतः पिळून बघावं. पालकांची रांग लागली होती त्या दिवशी. मॉडेलइतकेच तुमच्याबद्दलही प्रश्न मला विचारत होते आणि मी तुमच्या शब्दाला जागून गप्प राहिले.

शाळेकडे या कामाला पैसे नव्हते. डोप आणि बाल्साचा खर्च तुम्ही कधी केलात, ते मला नंतर दुकानदाराकडून कळलं. त्याबद्दल वेगळं काही लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही. पण मुलांनी तुमचा शनिवार स्वतःचा मानला, हे मात्र सांगायलाच हवं. दोघंजण क्रिकेट सोडून येत होते.

आणि काका, ते पहिले निमुळते पंख आम्ही टाकले नव्हते. कपाटावर वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवले होते. काल मुलांनी ते खाली काढले. आता त्यांना लेपर्ड मॉथ करायचंय, आणि त्याचं धड प्लायवूडचं होतं, हेही त्यांनी माझ्याआधी शोधून काढलंय. शनिवारी दोन वाजता वर्ग उघडा असेल.

आपली नम्र,
कार्यानुभवाच्या बाई